दुभंगलेल्या ओठाचं बाळ: ऑपरेशनआधीची प्लेट आणि टेप, घरी कसं सांभाळायचं

आठ-दहा दिवसांचं बाळ माझ्याकडे येतं तेव्हा पुष्कळदा कापडाचं टोक त्याच्या तोंडावर ओढलेलं असतं. मी आधी ते टोक बाजूला करते, बाळाशी दोन शब्द बोलते आणि मग आईवडिलांकडे वळते. त्यांना सांगण्यासारखी पहिली गोष्ट चांगलीच असते: तुम्ही वेळेत आलात.

जगात साधारण ७०० बाळांमागे एक बाळ ओठ किंवा टाळू (तोंडाचं छत) दुभंगलेलं जन्मतं. ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू त्यानंतरच्या काही आठवड्यांत. पुष्कळ बायकांना आपल्याला दिवस गेलेत हेही तेव्हा नीट कळलेलं नसतं. म्हणून 'माझं काय चुकलं' हा प्रश्न मनातून काढून टाका. पुढच्या तीन-चार महिन्यांत तुमच्या हातांना भरपूर काम आहे आणि त्यासाठी मन मोकळं लागेल.

ते काम म्हणजे ऑपरेशनआधी बाळाची हिरडी, ओठ आणि नाक हळूहळू जागेवर आणणं. त्याला नेझोअल्व्हिओलर मोल्डिंग म्हणतात. आम्ही दवाखान्यात नुसतं 'नॅम' म्हणतो, आईवडील 'प्लेटचा उपचार' म्हणतात. आठवड्याचे १६८ तास असतात. त्यातला अर्धा तास बाळ माझ्या खुर्चीत असतं, बाकीचा सगळा वेळ तुमच्याकडे. वरच्या हिरडीवर बसणारी प्लेट मी बनवते, पण ती काम करते तुम्ही गालावर लावलेल्या टेपवर. म्हणून या लेखात घरच्या कामाबद्दल जास्त लिहिलं आहे.

हिरडी हलते कशी

ओठ आणि हिरडी एका बाजूला दुभंगलेली असली की वरच्या जबड्याचे दोन तुकडे होतात. मोठा तुकडा पुढे आणि बाहेर फिरलेला असतो, लहान तुकडा मागे राहतो. त्या बाजूची नाकपुडी पसरून चपटी होते, आणि दोन नाकपुड्यांमधला खांब तिरका होऊन दुसऱ्या बाजूला झुकतो. दोन कडा खूप लांब असल्या तर सर्जनला ओठ ताणून शिवावा लागतो. ताणलेल्या शिवणीचा व्रण रुंद होतो, नाकही बसकं राहतं.

नवजात बाळाची कूर्चा, म्हणजे नाक-कानाला आकार देणारा हाडापेक्षा मऊ भाग, मात्र खूप लवचिक असते. बाळंतपणाच्या वेळी आईच्या शरीरात इस्ट्रोजेन हे संप्रेरक खूप वाढलेलं असतं आणि ते बाळातही असतं. त्यामुळे ऊतींमध्ये हायलुरॉनिक ॲसिड वाढतं आणि कूर्चेची लवचिकता वाढते. पुढच्या सहा आठवड्यांत हे इस्ट्रोजेन उतरत जातं आणि कूर्चा घट्ट व्हायला लागते. १९८० च्या दशकात जपानमधले प्लास्टिक सर्जन मात्सुओ यांनी नवजात बाळांच्या वाकड्या कानांना नुसत्या आधाराने आकार देता येतो हे दाखवलं. तोंडात प्लेट बसवून जबड्याचे तुकडे हलवण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. स्कॉटलंडमधल्या मॅकनील यांनी ती १९५० च्या सुमारास मांडली होती. न्यूयॉर्कमधले ऑर्थोडॉन्टिस्ट (दात-जबड्याची ठेवण सुधारणारे डॉक्टर) बॅरी ग्रेसन आणि सर्जन कोर्ट कटिंग यांनी १९९३ मध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या: हिरडीसाठी प्लेट आणि त्याच प्लेटमधून निघून नाक उचलणारी तार. आज आपण वापरतो ती पद्धत हीच.

म्हणूनच घाई करायची. पहिल्या दोन आठवड्यांत सुरुवात झाली तर उत्तम, महिन्याच्या आत झाली तरी चांगलं. तीन महिन्यांचं बाळ आलं तरी हिरडीवर काही काम होऊ शकतं, पण नाक तेव्हा तितकं ऐकत नाही.

कोणत्या बाळाला याचा उपयोग

ओठ, हिरडी आणि टाळू तिन्ही दुभंगलेली आणि मधली फट रुंद असेल, तर उपयोग सर्वांत जास्त. फक्त टाळू दुभंगलेली असेल तर या उपचाराची गरज नसते. ओठाला लहानशी खाच असेल तर बऱ्याचदा नुसती टेप पुरते. ज्या बाळाची खालची हनुवटी फार मागे आहे, जीभ मागे पडते आणि श्वास अडतो, त्याच्या बाबतीत आधी श्वासाचा प्रश्न सोडवायचा, प्लेटचं नंतर बघायचं. हृदयाचा किंवा दुसरा आजार असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय माप घेऊ देऊ नका.

आणखी एक गोष्ट मी सुरुवातीलाच सांगते. सगळीकडचे तज्ज्ञ या उपचाराबाबत एका मताचे नाहीत. काही केंद्रं प्लेट न वापरताही चांगली ऑपरेशनं करतात. नेदरलँड्समधल्या तीन केंद्रांनी मिळून नुसत्या तोंडातल्या, नाकाची तार नसलेल्या साध्या प्लेटचा काळजीपूर्वक अभ्यास केला होता. त्यात दूध पिणं किंवा वजन वाढणं यांत फायदा दिसला नाही, आणि जबड्याच्या ठेवणीतला फरकही टिकला नाही. नाकाच्या आकारासाठी तार लावलेली प्लेट उपयोगी पडते असं सांगणारे अभ्यास बरेच आहेत, पण ऑपरेशननंतर नाकपुडी काही प्रमाणात पुन्हा बसते हेही त्यांतच दिसतं. माझा अनुभव असा की फट रुंद असेल आणि घरचे लोक रोज टेप लावू शकत असतील, तर ऑपरेशनच्या दिवशी सर्जनचं काम नक्की सोपं होतं. पण प्लेट जमली नाही म्हणून तुमच्या बाळाचा ओठ नीट शिवला जाणार नाही असं मुळीच नाही.

पहिले काही दिवस: आधी दूध

प्लेटचा विचार करण्याआधी बाळाचं वजन वाढतंय ना ते बघा. टाळू दुभंगलेली असली की बाळाला तोंडात पोकळी धरून दूध ओढता येत नाही. ते जोर लावतं, दमतं आणि अर्धपोटी झोपतं. बाळाला ४५ अंश किंवा त्याहून उभं धरा, म्हणजे दूध नाकात कमी जाईल. आईचं दूध काढून ते दाबता येणाऱ्या मऊ बाटलीने किंवा अशा बाळांसाठी मिळणाऱ्या झडपेच्या बाटलीने द्या. चमच्यानेही देता येतं. निपल दुभंगलेल्या फटीत जाऊ देऊ नका, जिथे हिरडी शाबूत आहे त्या बाजूला टेकवा. बाटली बाळ चोखतं त्या लयीत दाबा, सतत पिळू नका. हवा जास्त गिळली जाते, म्हणून मध्ये मध्ये ढेकर काढा. एक वेळचं दूध अर्ध्या तासाच्या आत संपायला हवं. त्याहून जास्त वेळ लागला तर मिळवलेली ताकद पिण्यातच खर्च होते.

नाकातून थोडं दूध येणं हे या बाळांत नेहमीचं आहे, घाबरू नका. खोकला येऊन चेहरा निळसर पडला तर मात्र थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

याच दिवसांत ओठावर आडवी टेप लावायला सुरुवात करता येते. प्लेट तयार होईपर्यंतही ही टेप ओठाच्या दोन कडा जवळ आणत राहते, आणि तुमच्या हाताला सवय होते.

माप घेण्याचा दिवस

पालक सर्वांत जास्त घाबरतात ते या दिवसाला, म्हणून काय होतं ते नीट सांगते. बाळाला भूल देत नाहीत. माप घेण्याआधी दोन-तीन तास दूध द्यायचं नाही, म्हणजे उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका राहत नाही. बाळाला पालथं, तोंड खाली राहील असं हातावर धरतात. त्यामुळे जीभ पुढे येते आणि काही बाहेर आलं तर ते खालीच पडतं. जाडसर सिलिकॉनचा गोळा लहान साच्यात घालून वरच्या हिरडीवर दाबतात आणि घट्ट होईपर्यंत एक-दोन मिनिटं धरतात. बाळ या वेळी जोरात रडतं. आम्हाला ते रडणं हवं असतं, कारण रडणाऱ्या बाळाचा श्वास चालू आहे हे कानाने कळतं. साचा काढल्यावर टाळूच्या फटीत मापाच्या मसाल्याचा तुकडा अडकला नाही ना, हे आम्ही आधी पाहतो.

हे माप अशाच ठिकाणी द्या जिथे ऑक्सिजन, तोंडातलं ओढून काढायची सक्शन मशीन आणि लहान बाळाचा श्वास सांभाळता येणारा डॉक्टर हजर आहे. तसं विचारायला संकोचू नका. काही ठिकाणी आता तोंडात लहान कॅमेरा फिरवून स्कॅन घेतात आणि कॉम्प्युटरवरून प्लेट छापतात. सोय असेल तर बाळाला त्रास कमी होतो.

मापावरून प्लास्टरचा साचा होतो आणि त्यावर दोन-तीन मिलिमीटर जाडीची ॲक्रिलिकची प्लेट बनते. प्लेटच्या मधोमध ६ ते १० मिलिमीटरचं एक भोक असतं. प्लेट चुकून मागे सरकली तरी त्यातून हवा जात राहावी म्हणून ते ठेवलेलं असतं. ते दुधाने किंवा घाणीने बुजलेलं दिसलं तर आधी ते साफ करा. पुढच्या बाजूला ओठांच्या मधून बाहेर येणारी एक छोटी दांडी असते, तिला आम्ही 'बटण' म्हणतो. एका बाजूची फट असेल तर एक बटण, दोन्ही बाजूंची असेल तर दोन. रबर याच बटणात अडकतं.

टेप लावणं: सगळं काम इथे आहे

पहिल्या भेटीत मी आईला एकदा करून दाखवते आणि मग तिच्याकडून दोनदा करून घेते. घरी आणखी एका माणसाला हे यायलाच हवं. एकाच माणसावर सगळा भार पडला की तिसऱ्या आठवड्यात ते माणूस थकतं आणि टेप सैल पडायला लागते.

वेळ निवडा दूध द्यायच्या थोडी आधीची. दूध पिऊन झाल्याझाल्या तोंडात बोट घातलं तर उलटी होईल. नखं कापलेली हवीत, हात धुतलेले. टेपचे तुकडे आधीच कापून, रबर अडकवून एका स्वच्छ ताटलीच्या काठावर चिकटवून ठेवा. रडणाऱ्या बाळाला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने कात्री शोधायची वेळ येऊ देऊ नका.

जुनी टेप काढताना ती पाण्याने ओली करा आणि अर्धा मिनिट थांबा. मग एका बोटाने गालाची कातडी दाबून धरा आणि टेप वर न ओढता कातडीला समांतर, मागे दुमडत सोडवा. नाजूक कातडीचं नुकसान टेप लावताना होत नाही, काढताना होतं. तेल वापरलं तर गाल साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडा करा. तेलाचा अंश राहिला तर नवी टेप तासाभरात सुटते, आणि सुटलेली टेप म्हणजे सुटलेली प्लेट.

दोन्ही गालांवर आधी कातडीचं संरक्षण करणारी जाड पट्टी लावायची. हायड्रोकोलॉइडची पट्टी चांगली, ती काही दिवस गालावरच राहते आणि रोजची टेप तिच्यावर चिकटते. पट्टी गालाच्या भरीव भागावर लावा, डोळ्याच्या खालच्या पापणीपासून लांब. ती हातात दोन मिनिटं धरून ऊबदार केली तर छान चिकटते. एक आई ती दोन तळव्यांत, जपमाळ धरावी तशी, मिटून बसायची. तिच्या बाळाच्या गालाला शेवटपर्यंत एकही फोड आला नाही.

मग ओठाची टेप. एका हाताच्या अंगठ्याने आणि बोटाने दोन्ही गाल हलकेच आत घ्या, ओठाच्या दोन कडा जवळ येतील. तशाच धरून टेप नाकाच्या पायथ्याशी, वरच्या ओठावर आडवी लावा. नाकपुडी झाकू नका, ओठाच्या लाल भागावरही येऊ देऊ नका. टेप कोणत्या बाजूने सुरू करायची ते बाळाच्या फटीवरून ठरतं. डॉक्टर दाखवतील ते मोबाइलवर शूट करून ठेवा.

आता प्लेट. धुऊन ओली असतानाच घाला. आधी तिरकी करून एक बाजू आत, मग दुसरी बाजू फिरवून आत, आणि बोटाच्या पेराने वर हिरडीवर दाबा. चार-पाच सेकंद धरून ठेवा.

शेवटी रबर. ऑर्थोडॉन्टिक रबराच्या छोट्या कड्यात टेपचं टोक ओवून ते स्वतःवरच दुमडलेलं असतं. रबर बटणात अडकवा, टेप गालाकडे घ्या. दिशा मागे आणि वर. सरळ बाजूला ओढलं तर प्लेट खाली लोंबते. रबर आपल्या मूळ आकाराच्या साधारण दुप्पट ताणलं गेलं की बस, तिथे टेप गालावरच्या पट्टीवर चिकटवा. दोन्ही बाजूंचा ताण सारखा आहे का ते समोरून पाहा.

जास्त ताणलं तर लवकर फरक पडेल असं पुष्कळांना वाटतं. सुरुवातीच्या काळात मी एका वडिलांना ही गोष्ट नीट बजावून सांगितली नव्हती. ते प्रेमापोटी रोज थोडं जास्त ओढत गेले. आठव्या दिवशी बाळाच्या हिरडीवर पांढरी जखम दिसली आणि प्लेट चार दिवस बंद ठेवावी लागली. त्या चार दिवसांत ओठ आणि हिरडी थोडी मागे गेली. तेव्हापासून पहिल्या भेटीतच मी पालकांच्या बोटाला रबर अडकवून दुप्पट म्हणजे किती ते ओढून दाखवते.

सगळं झाल्यावर बाळाला थोडा वेळ मांडीवर घ्या. रडलं तरी प्लेट खाली येत नाही ना, श्वास मोकळा आहे ना, ओठांचा रंग गुलाबी आहे ना, हे पाहा. मग दूध द्या. पहिल्या दोन दिवसांत बाळ प्लेटवर जीभ फिरवत राहील, लाळ गाळेल, दूध कमी पिईल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेक बाळं विसरून जातात, आणि मग प्लेट काढली की रडतात.

दिवसरात्र प्लेट

प्लेट २४ तास तोंडात हवी, दूध पितानाही आणि झोपेतही. फक्त धुण्यासाठी काढायची, दिवसातून निदान एकदा. मऊ ब्रश आणि साधं किंवा कोमट पाणी एवढंच वापरा. उकळत्या पाण्यात घातली की ॲक्रिलिक वाकडं होतं, मग ती प्लेट कामाची राहत नाही. बाळाची हिरडी आणि टाळू ओल्या स्वच्छ कापडाने हलकेच पुसून घ्या. प्लेट कागदात गुंडाळून ठेवू नका. मी पाहिलेल्या हरवलेल्या प्लेटपैकी बऱ्याच त्या कागदासकट कचऱ्यात गेल्या. झाकणाची एक डबी ठरवा आणि घरात सगळ्यांना ती कोणती ते सांगा.

टेप न लावता नुसती प्लेट तोंडात ठेवून बाळाला कधीही झोपवू नका. हा एक नियम मी तीनदा सांगते. टेप ओली होऊन सुटली, तर नवी लावेपर्यंत प्लेट बाहेर काढा.

दर आठवड्याची भेट

आठवड्यातून एकदा प्लेट घडवावी लागते. जिथे हिरडीला आत सरकायला जागा द्यायची तिथलं ॲक्रिलिक थोडं घासतात, जिथून ढकलायचं तिथे मऊ अस्तर चढवतात. एका भेटीत बदल एक मिलिमीटरच्या आत ठेवायचा असतो. एवढ्याशाने काय होणार असं वाटेल, पण आठवड्याला एक मिलिमीटर म्हणजे बारा-चौदा आठवड्यांत रुंद फटही जवळजवळ बुजते. भेट चुकली की मात्र हिरडी वाढत राहते आणि जुनी प्लेट तिला नको तिथे अडवते. लांबून येणाऱ्यांना हे जड जातं, मला ठाऊक आहे. पंधरा दिवसांनी येऊन चालेल का ते आधीच विचारा. काही बाळांना ते चालतं.

भेटीला येताना प्लेट तोंडात आणि टेप लावलेली असू द्या, म्हणजे तुमचा हात मला बघता येतो. सोबत बाळाचं वजन लिहिलेला कागद आणा. दर आठवड्याला एकाच उजेडात, समोरून आणि खालून नाक दिसेल असा एक फोटो काढा. रोज पाहणाऱ्याला बदल दिसत नाही, आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यात जेव्हा धीर सुटायला लागतो तेव्हा हेच फोटो उपयोगी पडतात.

नाकाची तार

हिरडीतली फट पाच-सहा मिलिमीटरवर आली की प्लेटला नाकाची तार जोडतात. त्याआधी जोडली तर पसरलेली नाकपुडी उंच होण्याऐवजी आणखी रुंद होते, म्हणून तार कधी लावणार अशी घाई करू नका. ही सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीची स्टीलची तार असते, हंसाच्या मानेसारखी वळवलेली. तिच्या टोकावर ॲक्रिलिकचा घेवड्याच्या बीच्या आकाराचा गोळा असतो आणि त्यावर मऊ अस्तर. गोळ्याचा वरचा भाग नाकपुडीच्या आत तीन-चार मिलिमीटर जाऊन नाकाचा शेंडा उचलतो, खालचा भाग नाकपुडीची कड वर धरतो.

बाळ चोखतं तेव्हा प्लेट वर दाबली जाते आणि नाकाच्या शेंड्याची कातडी किंचित पांढुरकी दिसते. ते बरोबर आहे. चोखणं थांबलं की रंग परत यायला हवा. रंग परत येत नसेल, नाकपुडीच्या आत लाल चट्टा किंवा रक्ताचा ठिपका दिसला, तर प्लेट काढा आणि फोन करा. तार घरी वाकवू नका, पक्कड लावू नका. रोज ओल्या कापसाने गोळ्याभोवतीचा शेंबूड आणि वाळलेलं दूध काढत जा. सर्दी झाली तर बाळाला श्वास घेता येतोय का ते पाहून डॉक्टरांच्या सल्ल्याने एक-दोन दिवस प्लेट बाहेर ठेवता येते.

दोन्ही बाजूंनी दुभंगलेलं असेल तर

या बाळांत वरच्या हिरडीचा मधला तुकडा मोकळा होऊन नाकाच्या पुढे आलेला असतो, आणि त्यावर ओठाचा छोटासा गोळा असतो. नाकाचा खांब जवळजवळ नसतोच. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे फार अवघड वाटतं, पण प्लेटचा फायदा सर्वांत ठळक इथेच दिसतो. आधी मधला तुकडा हळूहळू मागे आणि मधोमध आणायचा. तो फिरलेला असेल तर त्याला वेळ लागतो. मग दोन नाकपुड्यांत दोन तारा, त्यांना जोडणारी मऊ पट्टी नाकाच्या खांबाच्या पायथ्याशी, आणि ओठाच्या मधल्या गोळ्यावरून खाली प्लेटला जाणारी उभी टेप. वरून तारा उचलतात, खालून टेप ओढते आणि मधला खांब लांब होतो. पूर्वी यासाठी वेगळं ऑपरेशन करावं लागे. पाच-सहा महिने द्यावे लागतात. एका बाजूची फट असेल तर तीन-चार महिने पुरतात.

काय बिघडतं आणि तेव्हा काय करायचं

गालावर लाली हा रोजचा प्रश्न आहे. टेपची जागा थोडी वर-खाली करत राहा, उघडी कातडी काही तास मोकळी ठेवा. कातडी ओलसर झाली किंवा फोड आले तर दाखवा. तोंडात प्लेट जिथे टेकते तिथे, विशेषतः वरच्या ओठाला जोडणाऱ्या पडद्याजवळ, छोटी जखम होऊ शकते. बाळ अचानक दूध नाकारायला लागलं तर पहिल्यांदा प्लेट काढून बॅटरीच्या उजेडात हिरडी बघा. प्लेटची ती जागा आम्ही पाच मिनिटांत घासून देतो. पांढरे, सहज पुसले न जाणारे थर दिसले तर ती बहुधा बुरशी असते. औषधाने जाते, पण प्लेटही रोज जास्त काळजीने धुवावी लागते, नाहीतर तीच बुरशी परत तोंडात जाते. क्वचित हिरडीतून एखादा दात लवकर डोकावतो. तोही लगेच दाखवा.

तातडीने प्लेट काढायची वेळ एकच: बाळ गुदमरल्यासारखं वाटलं, ओठ निळसर दिसले किंवा प्लेट घशाकडे सरकलेली वाटली. तेव्हा टेप सोडवत बसू नका. बटणाला धरून प्लेट पुढे आणि खाली ओढा, टेप आपोआप सुटेल. गालाची कातडी निघाली तर ती भरून येते. ही एक हालचाल घरातल्या सगळ्यांना, बाळाला सांभाळायला येणाऱ्यालाही, करून दाखवा. बाळ ठीक दिसलं तरी लगेच दवाखान्यात दाखवा, आणि श्वास सुधारला नाही तर क्षणभरही थांबू नका.

ऑपरेशन आणि त्यानंतर

सर्जन बहुधा तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान ओठ शिवतात. जुना हिशोब दहाचा आहे: दहा आठवडे वय, दहा पौंड म्हणजे साडेचार किलो वजन, आणि हिमोग्लोबिन दहा. ऑपरेशनच्या तारखेसाठी तुम्हाला करता येण्याजोगी सर्वांत मोठी तयारी म्हणजे वजन. प्लेट ऑपरेशनच्या दिवसापर्यंत चालू ठेवायची असते, कारण काही दिवस आधी काढली तर हिरडी मागे सरकायला लागते. गालावर फोड असतील तर सर्जनला आधी कळवा. शेवटचे एक-दोन दिवस टेप कुठे लावायची ते तेच सांगतील. हिरडीच्या दोन कडा एक-दोन मिलिमीटरच्या आत आल्या असतील तर काही सर्जन त्याच वेळी हिरडीही जोडतात. प्रत्येक बाळात ते करतातच असं नाही, आणि त्यावरही मतभेद आहेत.

ओठ शिवल्यावर प्लेटचं काम संपतं. टाळूची फट प्लेटने बंद झालेली नसते. तिचं ऑपरेशन साधारण ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान होतं. तोवर कानात पाणी साठून ऐकू कमी येत नाही ना ते तपासत राहा, कारण टाळू दुभंगलेल्या बाळांत ते वारंवार होतं आणि त्याचा बोलण्यावर परिणाम होतो. बोलायला लागल्यावर स्पीच थेरपिस्ट, आणि सुळा येण्याआधी, आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान, हिरडीत हाड भरायचं ऑपरेशन लागू शकतं.

नाकासाठी मात्र एक काम घरी उरतं. ऑपरेशननंतर नाकपुडीत घालायला सिलिकॉनची छोटी नळी देतात. ती काही महिने ठेवायची असते, आणि टेप नकोशी झालेले आईवडील हीच गोष्ट सगळ्यांत लवकर सोडून देतात. पहिल्या काही महिन्यांत नाकपुडी आकसायला बघते आणि ही नळी तिला अडवते. नळी रोज काढून धुवा, आत जाताना थोडं स्वच्छ पाणी लावा, आणि बाळ हाताने ओढून काढायला लागलं की छोट्या टेपने ती वरच्या ओठावर अडकवा. ती टेप लावायला आता तुम्हाला कोणी शिकवायची गरज नसते.